‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’ (१९७१) : सुळे न दाखवणारा व्हॅम्पायरपट

अनवट_वाट

१९७०च्या आसपास युरोपात स्त्री-व्हॅम्पायरच्या चित्रपटांची लाटच आली होती. ब्रिटनमधील हॅमर कंपनीने शेरिडन ल फानू यांच्या ‘कार्मिला’ या कथेच्या आधाराने १९७० आणि १९७१ या दोनच वर्षांत तीन चित्रपट काढले. फ्रान्स, स्पेन आणि जर्मनीतील निर्मातेही त्याच वाटेने निघाले होते. सेन्सॉरची पकड सैल होत असल्याने रक्त आणि नग्नता यांचा हिशेब जुळवला की चित्रपट खपतो, असा तो काळ होता. त्या गर्दीत बेल्जियमच्या हॅरी क्यूमेल या तिशीतल्या दिग्दर्शकाचा हा चित्रपट आला, अमेरिकेत शृंगारिक भयपट म्हणून विकला गेला आणि त्याच फळीवर राहिला. भयपटांच्या अभ्यासकांनी तो जपला, हे खरे. तरीही व्हॅम्पायरपटांची आवड असणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांनी त्याचे नावही ऐकलेले नसते, म्हणून हा धागा काढत आहे.

कथा थोडक्यात अशी आहे. स्टेफान आणि व्हॅलेरी या नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्याची इंग्लंडला जाणारी बोट चुकते आणि त्यांना बेल्जियममधील ओस्टेंडच्या किनाऱ्यावरील एका भव्य हॉटेलात मुक्काम करावा लागतो. हंगाम संपलेला असल्याने हॉटेलात दुसरे कोणीही पाहुणे नाहीत. त्याच रात्री काउंटेस बाथोरी आणि तिची तरुण सचिव इलोना तेथे येऊन उतरतात. चाळीस वर्षांपूर्वी, पोरसवदा नोकर असताना, याच बाईंना आपण याच हॉटेलात पाहिले होते आणि त्या तेव्हाही अशाच दिसत होत्या, हे हॉटेलच्या वृद्ध कर्मचाऱ्याच्या लक्षात येते. ती हसून विषय उडवून लावते. जवळच्या ब्रुज शहरात तरुण मुलींचे खून होत आहेत. एवढ्या भांडवलावर सुमारे १०० मिनिटांचा चित्रपट उभा आहे, आणि त्यात एकदाही सुळे दिसत नाहीत.

मला या चित्रपटाबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. याची देखणी शैली हे वरून चढवलेले दागिने नाहीत, भीतीचे मूळच त्या शैलीत आहे. काउंटेस कोणावरही झडप घालत नाही. ती आर्जवाने बोलते, समोरच्याचे कौतुक करते, हात हातात घेते, आणि नकार देणे हा असभ्यपणा ठरेल अशी परिस्थिती निर्माण करते. तारुण्याचे रहस्य विचारले, तर काटेकोर आहार आणि भरपूर झोप एवढेच कारण ती देते. ते शब्दशः खरे आहे, आणि म्हणूनच त्या उत्तराने एकाच वेळी हसू येते आणि अंगावर काटाही येतो.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे हॉटेलच्या दिवाणखान्यातील प्रसंग. काउंटेस आणि स्टेफान शेजारी बसले आहेत आणि सोळाव्या शतकातील हंगेरीच्या ‘त्या’ बाथोरीने मुलींचा छळ कसकसा केला, याची उजळणी दोघे मिळून करत आहेत. ती एक तपशील पुरवते, तो पुढचा पुरवतो. तिचा हात त्याच्या छातीवरून फिरत असतो, दोघांचे श्वास जलद होत जातात आणि समोर बसलेली व्हॅलेरी हे थांबवा म्हणून विनवते. पडद्यावर रक्ताचा थेंबही नाही. आहे ती केवळ यादी, तीही अत्यंत सुसंस्कृत आवाजात सांगितलेली. प्रेक्षकाला खरा धक्का बसतो तो स्टेफानला ही यादी इतकी चांगली पाठ आहे याचा.

छायालेखक एडुआर्ड व्हॅन डर एंडेन यांच्या कामाबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. रिकामे जिने, लांबच लांब मार्गिका आणि करडा समुद्र यांच्या पार्श्वभूमीवर तीनच रंग वारंवार येतात : काळा, पांढरा आणि लाल. प्रसंग संपताना पडदा एरवी काळा होतो, येथे तो अनेकदा लाल होत जातो. सुरुवातीला ही केवळ क्लृप्ती वाटते. अर्धा चित्रपट होईपर्यंत मात्र प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी आपण त्या लाल रंगाची वाट पाहू लागतो, आणि तो आला नाही तर अधिकच अस्वस्थ होतो.

हॉटेलचे बाह्यदृश्य ओस्टेंडच्या थर्मे पॅलेसचे आहे, तर आतील बरेचसे चित्रीकरण ब्रुसेल्सच्या अस्टोरिया हॉटेलात झाले आहे. दोन शहरांतल्या दोन वास्तू जोडून एकच हॉटेल उभे केले आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

रात्रपाळी

आपण एवढे भरभरून लिहिले आहे, तरी मला हा चित्रपट अर्ध्या तासात सोडून द्यावा लागला होता. घडत काहीच नाही. आगगाडीतील सुरुवातीचा शृंगार, मग जेवणाचे टेबल, मग आईला फोन करावा की करू नये यावरची चर्चा, असेच चालू राहते. काउंटेस येईपर्यंत धीर सुटतो. शिवाय नायक म्हणून जो स्टेफान दिला आहे, तो इतका चिडका आणि आतल्या गाठीचा आहे की त्याचे बरेवाईट काही झाले तरी प्रेक्षकाने का हळहळावे, हे कळत नाही. व्हॅम्पायरपटात बळी ठरणाऱ्या माणसाविषयी थोडीतरी आस्था वाटायला हवी.

तिसरी_घंटा

अनवट_वाट यांनी धागा काढला हे उत्तम झाले, परंतु काउंटेसची भूमिका करणाऱ्या डेल्फिन सेरिगचे नावही न घेता या चित्रपटाविषयी एवढे लिहिता येते, याचे आश्चर्य वाटते. हा चित्रपट तिचा आहे.

सेरिग १९६१ साली आलँ रेनेच्या ‘लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद’मध्ये झळकली. तोही एका प्रचंड हॉटेलात घडणारा, काळाचे भान हरपलेल्या माणसांचा चित्रपट होता. त्या चित्रपटातील ती स्त्री दहा वर्षांनी दुसऱ्या हॉटेलात उतरली आहे आणि तिचे वय वाढलेले नाही, असे क्यूमेल जणू सुचवतो. ज्यांना तो संदर्भ ठाऊक नाही, त्यांचे काहीच बिघडत नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या दृष्टीने वृद्ध कर्मचाऱ्याच्या तोंडचे ‘चाळीस वर्षांपूर्वी’ हे शब्द आणखी गमतीदार होतात.

क्यूमेल हा मार्लिन डिट्रिशला घेऊन चित्रपट करणाऱ्या जोसेफ फॉन स्टर्नबर्ग या दिग्दर्शकाचा निस्सीम भक्त. आपला १९६८ सालचा ‘मॉन्सियर हॉवार्डन’ हा चित्रपट त्याने स्टर्नबर्गलाच अर्पण केला होता. त्यामुळे काउंटेसचे रूप मार्लिन डिट्रिशवरून घडवले गेले, यात नवल नाही : लाटांसारखे बसवलेले सोनेरी केस, बारीक भुवया, पिसे, बुरखे आणि चमचमणारा चंदेरी झगा. इलोनाचे काळेभोर, सरळ कापलेले आखूड केस मूकपटांच्या काळातील लुईस ब्रुक्सची आठवण करून देतात. म्हणजे १९७१ साली या हॉटेलात ज्या दोघी उतरतात, त्या वेशभूषेने १९३०च्या आसपासच थांबलेल्या आहेत. व्हॅम्पायर अमर असतो हे सांगण्यासाठी अन्य चित्रपटांत शवपेट्या आणि धुके लागते, येथे ते काम केशरचना करते.

आता अभिनयाविषयी. सेरिगचा आवाज किंचित घोगरा, श्वासात भिजलेला आणि कमालीचा मऊ आहे. चित्रपटाचे संवाद इंग्रजीत आहेत, ती इंग्रजी सहज बोलते, तरी शब्दांना एक परकी गोलाई येते. ती हसते तेव्हा हसू आवश्यकतेपेक्षा क्षणभर अधिक टिकते. सुसंस्कृत स्त्रीचे हसू आणि भुकेल्या प्राण्याने दात दाखवणे यांतील अंतर त्या एका क्षणात मिटते. सुळे लावले असते तर ती किमया साधली नसती.

आणखी एक गोष्ट नोंदवते. गर्भपाताचा हक्क मागणाऱ्या ३४३ फ्रेंच स्त्रियांनी एप्रिल १९७१मध्ये जे जाहीर निवेदन काढले, त्यावर सेरिगची स्वाक्षरी होती. पुढे १९७५ साली तिने शांताल आकेरमानच्या ‘जान दिलमान’मध्ये मुख्य भूमिका केली. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाने सर्वोत्तम चित्रपटांसाठी २०२२ साली घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तोच चित्रपट पहिला आला. अशी अभिनेत्री व्हॅम्पायरची भूमिका ‘काहीतरी गंमत’ म्हणून करत नसते. पुरुष स्त्रीला काय समजतो, याविषयी काउंटेस व्हॅलेरीला जे सांगते, ते सेरिग अजिबात खलनायिकेच्या सुरात म्हणत नाही.

बखरकार

चित्रपटातील बाथोरी आणि इतिहासातील बाथोरी यांची गल्लत होऊ नये म्हणून थोडे लिहितो.

एलिझाबेथ बाथोरी हिचा जन्म १५६०चा. ती हंगेरीतील अत्यंत प्रबळ घराण्यातील होती, आणि तिचा पती फेरेन्त्स नादाश्दी हा तुर्कांविरुद्धच्या लढायांत नावाजलेला सेनानी होता. तो १६०४ साली वारला. डिसेंबर १६१०मध्ये राज्याचा पॅलेटाइन, म्हणजे राजाखालोखालचा सर्वोच्च अधिकारी, ग्यॉर्गी तुर्झो याने तिच्या चेइते येथील गढीवर जाऊन तिला ताब्यात घेतले. ही गढी आजच्या स्लोव्हाकियात आहे. जानेवारी १६११मध्ये तिच्या नोकरांवर खटला चालला आणि त्यांतील तिघांना देहान्ताची शिक्षा झाली. खुद्द तिच्यावर खटला कधीच चालवला गेला नाही. तिला गढीतच कोंडून ठेवण्यात आले आणि ऑगस्ट १६१४मध्ये तिचा तेथेच मृत्यू झाला.

तरुण राहण्यासाठी ती कुमारिकांच्या रक्ताने स्नान करीत असे, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट मात्र तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७२९ साली, लास्लो तुरोत्सी या जेझुइट लेखकाच्या ग्रंथात प्रथम छापली गेली. मूळ साक्षी पुढे एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध झाल्या. त्यांत मारहाण, चटके, सुया, उपासमार अशा छळाची वर्णने आहेत, रक्तस्नान नाही. राजा मात्यास तिच्या घराण्याचा मोठा ऋणको होता, त्यामुळे हे सारे प्रकरण राजकीय डाव असावा, असे काही इतिहासकारांचे मत आहे. उलट, शेकडो साक्षी सरसकट खोट्या मानणे कठीण आहे, असे इतरांना वाटते. हा वाद मिटलेला नाही.

क्यूमेलने यातून काय उचलले, ते पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी हॅमरने इन्ग्रिड पिटला घेऊन बाथोरीवरच ‘काउंटेस ड्रॅक्युला’ काढला आणि त्यात रक्तस्नानाची दंतकथा जशीच्या तशी वापरली. क्यूमेलने बाथोरीचे केवळ नाव आणि छळाची यादी घेतली, स्वभाव मात्र ‘कार्मिला’चा घेतला. पाहुणी म्हणून येणे, जीव लावणे, एका तरुणीला हळूहळू आपलीशी करणे, हे सारे ल फानूचे आहे. ‘कार्मिला’ १८७२ साली पुस्तकरूपाने आली, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधी. व्हॅम्पायर हा दार ठोठावून येणारा, ओळख वाढवणारा पाहुणा असतो, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

अनवट_वाट

तिसरी_घंटा, सेरिगविषयी आपण लिहाल अशी खात्री होती, म्हणून जागा मोकळी ठेवली, असे समजा. बखरकार, आपल्या माहितीमुळे दिवाणखान्यातील तो प्रसंग अधिक स्पष्ट झाला. काउंटेस आणि स्टेफान जी यादी म्हणतात, ती रक्तस्नानापेक्षा साक्षींमधील छळाशी अधिक मिळतीजुळती आहे.

रात्रपाळी यांच्या आक्षेपाला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे. येथून पुढे रसभंग होईल, चित्रपट पाहायचा असल्यास हा प्रतिसाद ओलांडून जावे.

स्टेफान चिडका आणि आतल्या गाठीचा आहे, हे अगदी खरे. तो नायक आहे हे गृहीतक तेवढे बाजूला ठेवून पाहावे. नवविवाहित पतीला व्हॅम्पायरपासून पत्नीला वाचवायचे आहे, या परिचित साच्यात आपण त्याला बसवतो, आणि क्यूमेल तो साचा एकेक चूण उलगडत मोडतो. आईला फोन लावतो आहे असे तो व्हॅलेरीला भासवतो, पण फोन लागू नये याची व्यवस्था त्यानेच हॉटेलच्या कर्मचाऱ्याला चिरीमिरी देऊन केलेली असते. ब्रुजमध्ये खून झालेल्या मुलीचा देह बाहेर आणतात, तेव्हा गर्दीत पुढे घुसून पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटते, ते पाहून व्हॅलेरी हादरते. त्याच्या नजरेत दुःख नसते, भीतीही नसते. पुढे तो तिला पट्ट्याने मारतो. सबंध चित्रपटात सर्वांत उघड, सर्वांत कुरूप हिंसा हीच आहे, आणि ती करणारा माणूस व्हॅम्पायर नाही.

आणि ती ‘आई’! अखेर फोन लागतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला फुलांच्या काचघरात, ओठ रंगवलेला एक प्रौढ पुरुष बसलेला दिसतो. ही भूमिका फॉन्स राडेमाकर्स या डच दिग्दर्शकाने केली आहे, ज्याच्या ‘द असॉल्ट’ला पुढे सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. या प्रसंगाचे स्पष्टीकरण चित्रपट देत नाही. स्टेफान कोणाचा आहे, कोणाच्या पैशावर जगतो, लग्न करून कोणापासून पळतो आहे, हे आपण जुळवायचे. तो एक प्रसंग पाहिल्यानंतर सुरुवातीचा ‘फोन करू की नको’ हा कंटाळवाणा वाटणारा भाग पुन्हा पाहावा, त्याचा अर्थच बदललेला असतो.

सूरपेटी

संगीताचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. संगीतकार फ्रांस्वा द रुबे हा विलक्षण माणूस होता. संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेला, घरच्या घरी ध्वनिमुद्रणाची यंत्रणा जमवून पारंपरिक वाद्यांना इलेक्ट्रॉनिक ध्वनींची जोड देणारा. ‘ल सामुराई’चे संगीत त्याचेच. १९७५ साली, चाळिशीही न गाठता, तो कॅनरी बेटांजवळ समुद्रात डायव्हिंग करताना मरण पावला आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या फ्रान्सच्या सेझार चित्रपट-पुरस्कारांपैकी संगीताचा पहिला पुरस्कार त्याला मरणोत्तर मिळाला.

भयपटाचे संगीत प्रेक्षकाला आधीच सावध करते : आता दचका. रुबे तसे करत नाही. त्याच्या सुरावटी मोहक, थोड्या अलिप्त आणि कधीकधी चक्क आधुनिक चालीच्या आहेत, त्यामुळे पडद्यावरील जुनाट वैभव आणि कानांवर पडणारा ताल यांचा काळ जुळत नाही. ही विसंगती मुद्दाम साधलेली आहे. काउंटेसचीही तीच अवस्था आहे, शरीराने ती आजची आणि ऐटीने परवाची.

चष्मिष्ट

सर्वांचे कौतुक वाचले. आता थोडे पाणी ओतावे म्हणतो. (रसभंग आहे.)

या चित्रपटातील मृत्यू पाहून मला हसू आवरले नाही. इलोना स्नानगृहात वाहत्या पाण्याला घाबरून धडपडते आणि वस्तऱ्यावर पडून मरते. स्टेफानच्या तोंडावर काचेचे भांडे दाबले जाते, ते बरोबर दुभंगते आणि नेमके त्याच्या दोन्ही मनगटांच्या शिरा कापते. काउंटेस गाडीच्या अपघातात बाहेर फेकली जाते आणि झाडाच्या फांदीत आरपार रुतते. एक अपघात समजू शकतो, ओळीने तीन अपघात म्हणजे पटकथाकारांना माणसे संपवण्याची दुसरी तऱ्हा सुचली नाही, असेच म्हणावे लागेल. एवढी शेलाटी, नेटकी चित्रचौकट आणि तिच्यात असे ओबडधोबड शेवट, हे मला शैलीचे अपयश वाटते. स्टेफान झालेल्या जॉन कार्लेनचा अभिनयही एकसुरी आहे. तो चिडला की ओरडतो, आणि शांत झाला की नुसता पाहत बसतो.

अनवट_वाट

कार्लेनविषयी फार भांडणार नाही. ‘डार्क शॅडोज’ या अमेरिकी मालिकेत त्याने व्हॅम्पायरच्या नोकराची भूमिका वर्षानुवर्षे केली होती आणि दूरचित्रवाणीच्या अभिनयाचा तो ठसठशीतपणा सेरिगसमोर उघडा पडतो, हे मान्य आहे. तरी स्टेफानचा पोकळ रुबाब दाखवायला तो ठसठशीतपणा काही ठिकाणी उपयोगीही पडतो.

अपघातांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. व्हॅम्पायरला मारण्याची ठरलेली साधने आपल्याला पाठ आहेत : सूर्यप्रकाश, वाहते पाणी, हृदयात खुपसलेली लाकडी मेख. आता तिन्ही मृत्यू पुन्हा पाहावेत. इलोनाला पाण्याची भीती आहे आणि तिचा शेवट शॉवरखाली होतो. काउंटेसवर पहाटेचे ऊन पडते आणि लाकूड तिच्या छातीत शिरते. नियम सारेच्या सारे पाळले आहेत, फक्त ते पाळणारा, ‘ड्रॅक्युला’तल्यासारखा व्हॅम्पायरांचा शिकारी कोणी व्हॅन हेलसिंग नाही. क्रूस घेऊन येणारा धर्मगुरू नाही, ग्रंथ चाळणारा प्राध्यापक नाही. हॉटेलात, रस्त्यावर, रोजच्या वापरात ज्या वस्तू आहेत, त्याच मेखेचे आणि पाण्याचे काम करतात. स्नानगृहातील वस्तरा आधीच आपल्याला दाखवलेला असतो. काचेचे भांडे हे तर निव्वळ शोभेची वस्तू, आणि याच चित्रपटात शोभेच्या वस्तूने माणूस मरावा हे मला अत्यंत सयुक्तिक वाटते. ते दोन्ही मनगटांवर नेमके कापते यावर आपण हसलात. हसूच यावे अशीच त्या प्रसंगाची मांडणी आहे. क्यूमेलला भयाइतकाच तिरकसपणाही प्रिय आहे.

तीन रंगांचाही एक धागा येथे जोडतो. काळा, पांढरा आणि लाल हे नाझी गणवेशाचे आणि ध्वजाचे रंग असल्याने ते काउंटेसला जाणीवपूर्वक दिले, असे क्यूमेलने नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. देखणी, शिस्तबद्ध, समोरच्याला भुरळ घालून आज्ञाधारक करून टाकणारी सत्ता कशी दिसते, हे त्याला काउंटेसमधून दाखवायचे होते. जर्मन ताब्याची वर्षे बेल्जियममध्ये तेव्हा जुनी झालेली नव्हती, आणि क्यूमेलचा जन्मच १९४०चा. काउंटेस चाळीस वर्षांपूर्वी त्या हॉटेलात येऊन गेली होती, हा हिशेब १९३०च्या दशकाच्या उंबरठ्यावर जाऊन थांबतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

तिसरी_घंटा

या रंगांच्या अर्थाने मात्र एक अडचण उभी राहते, आणि ती टाळू नये असे वाटते. काउंटेस जर हुकूमशाहीचे मोहक रूप असेल, तर व्हॅलेरीने पट्ट्याने मारणाऱ्या पतीला सोडून तिच्याकडे जाणे ही सुटका नव्हे, ती केवळ मालक बदलते. सेरिग जे वठवते, त्यात मला सुटकेचे आश्वासन खरेच ऐकू येते, आणि क्यूमेल जे चित्रित करतो, त्यात पिंजरा दिसतो. वाळूच्या उंचवट्यावर काउंटेस आपला काळा अंगरखा दोन्ही हातांनी पंखांसारखा पसरून व्हॅलेरीला त्यात झाकून घेते, त्या चौकटीत ही ओढाताण सर्वाधिक स्पष्ट आहे. आईने लेकराला पदराखाली घ्यावे तसा तो आविर्भाव आहे आणि भक्ष्यावर पंख मिटावेत तसाही. अभिनेत्री आणि दिग्दर्शक दोन वेगवेगळे चित्रपट करत होते आणि दोन्ही एकाच रिळावर उतरले, असे माझे मत आहे. चित्रपट अजून ताजा वाटतो, त्याचे श्रेय मी या मतभेदाला देते.

रात्रपाळी

चर्चा वाचून चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. फोनच्या प्रसंगाविषयी अनवट_वाट यांचे म्हणणे पटले. संथपणाचा आक्षेप कायम आहे. ब्रुजच्या सहलीनंतर आणि वाळूत देह पुरण्याच्या प्रसंगात चित्रपट अकारण रेंगाळतो. निवृत्त पोलिसाच्या पात्राला तर कथेत काही कामच नाही. तो येतो आणि संशयाने पाहतो, एवढेच. एक शंका आहे : मी पूर्वी अर्धवट पाहिलेल्या प्रतीत आणि आता पाहिलेल्या प्रतीत काही फरक जाणवला. याच्या अनेक आवृत्त्या आहेत का?

तिसरी_घंटा

आहेत. अमेरिकेत प्रदर्शित झालेली प्रत सुमारे १२ मिनिटांनी कापलेली होती आणि अनेक वर्षे इंग्रजीभाषक प्रेक्षकांनी तीच पाहिली. संपूर्ण आवृत्ती सुमारे १०० मिनिटांची आहे. फ्रेंच भाषेतील आवृत्ती ‘ले लेव्र रूज’ या नावाने ओळखली जाते, पण अभिनेत्यांचे ओठ इंग्रजीशी जुळतात, शिवाय सेरिगचा इंग्रजी आवाज सोडू नये, म्हणून इंग्रजीच पाहावी. मूळ निगेटिव्हवरून काळजीपूर्वक केलेली नवी प्रत २०२०मध्ये निघाली आहे. जुन्या, फिकट प्रतीत लाल रंग विटकरी दिसतो आणि करड्या समुद्राचा नुसता चिखल होतो. या चित्रपटात रंगच हरवले, तर अर्धी कथा हरवते. आपल्याला पहिल्या वेळी कंटाळा आला, त्यात प्रतीचाही दोष असू शकेल.

निवृत्त पोलिसाविषयी आपले म्हणणे मान्य. तो जुन्या भयपटांतील शोधक पात्राचा अवशेष आहे, आणि त्याला काहीच साधत नाही यातच त्याचा उपयोग आहे, असे कोणी म्हणू शकेल. मला तरी ते फार ताणल्यासारखे वाटते.

चष्मिष्ट

शेवटच्या प्रसंगाविषयी विचारतो. काउंटेस मेल्यानंतर काही महिन्यांनी व्हॅलेरी एका नव्या तरुण जोडप्यासोबत दिसते आणि तिच्या तोंडून सेरिगचा आवाज येतो. हा सरळसरळ ‘पुढील भाग लवकरच’ थाटाचा शेवट नाही का? त्या काळातल्या प्रत्येक दुसऱ्या भयपटाचा शेवट असाच असे.

अनवट_वाट

थाट तोच आहे, आशय तो नाही. तशा शेवटांत राक्षस मेला नाही एवढेच कळते. येथे आवाज काउंटेसचा आणि चेहरा व्हॅलेरीचा असल्याने, मेले कोण आणि उरले कोण, हेच ठरवता येत नाही. तिसरी_घंटा यांनी मालक बदलण्याचा जो मुद्दा मांडला, त्याचे उत्तर क्यूमेलने येथे दिले आहे असे मी मानतो. व्हॅलेरीला मालक उरलेला नाही, आणि व्हॅलेरीही उरलेली नाही.

तिसरी_घंटा

मी ते उत्तर मानत नाही. ओठ व्हॅलेरीचे हलतात आणि आवाज सेरिगचा येतो, म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा सेरिगलाच मिळाला आहे. डॅनियल विमेची व्हॅलेरी सबंध चित्रपटात थिजलेली, कोणीतरी पुढे ढकलेल तिकडे जाणारी होती. त्या अखेरच्या प्रसंगात ती प्रथमच स्वतः चालत जाऊन कोणाचे तरी स्वागत करते, आणि तिची चाल, मान वळवण्याची तऱ्हा ही काउंटेसची नक्कल नाही, ती तिची स्वतःची आहे. नव्या प्रतीत तो प्रसंग आवाज बंद करून एकदा पाहावा आणि मग मत द्यावे.